पहिला बार जावयाचा

भय्यासाहेब पोतनीसांना मी ओळखत होतो, असं लिहायला हात धजत नाही. माधव नगरात आमची घरं समोरासमोर. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी लागून मी जळगावाहून उज्जैनला आलो, तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा आम्ही दोघंही म्हातारे होतो. इतक्या वर्षांत त्यांच्या ओट्यावर बसून किती चहा प्यायलो असेन. तरी त्यांच्या मनात काय चालायचं ते मला फारसं कळलं नाही. जे थोडं कळलं ते शेवटी शेवटी, आणि तेही बरंचसं इतरांकडून. त्यांची मुलगी मुक्ता म्हणाली, "काका, तुम्ही होतात, तुम्हीच लिहा." मला लिहायची सवय नाही. काही चुकलं असेल तर ते माझं.

त्यांचे आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखान्यात कारभारी होते. जनावर उठवायला हाका कुठून काढायचा, मचाण कुठल्या झाडावर बांधायचं, पाहुण्यांना कुठे बसवायचं, हे सगळं ते बघत. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, घरात शिकार राहिली. भय्यासाहेब स्वतः मिलच्या स्टोअरमध्ये कारकून. पण थंडी पडली की वडील, थोरले बंधू अण्णासाहेब, चुलतभाऊ, गल्लीतले दोन-तीन मित्र, बायका-मुलं, भांडीकुंडी असा सगळा लवाजमा बागलीच्या बाजूच्या जंगलात जायचा. पुढे कायद्याने शिकार बंद झाली. भय्यासाहेबांनी रायफल विकली आणि एक बारा बोरची दुनळी तेवढी लायसन्सवर ठेवली. दर रविवारी ती पुसायची आणि परत कपाटात.

आम्हाला मिळाल्या त्या गोष्टी. ओट्यावर त्या ऐकायला गल्ली जमायची. सगळ्यात जास्त मागणी बडनगरच्या जावयांच्या वाघाला.

"आमच्या घरची रीत अशी," भय्यासाहेब सुरू करायचे, "की जावई बरोबर असला तर पहिला बार जावयाचा. आता हे बडनगरचे जावई म्हणजे काय, वकील माणूस. मचाणावर पण टोपी घालून बसले. वाघ बरोबर खाली आला. हे बघायला वाकले, अन् टोपी पडली वाघाच्या पुढ्यात. वाघ टोपीकडे बघतोय, टोपीचा मालक वाघाकडे बघतोय. आमचे अण्णासाहेब हळूच म्हणतात, वकीलसाहेब, पक्षकार आलाय, बोला काहीतरी."

मुलं लोळायची हसून.

"मग मारला का त्यांनी?"

"बार तर काढला. शेपटीकडे कुठेतरी लागला असेल."

"अन् मग?"

"मग काय, घरचे असतात ना बघायला. चला, चहा आणा रे कोणीतरी." गोष्ट तिथे संपायची. मला कधी पुढे विचारावंसं वाटलं नाही.

मुक्ता त्यांना उशिरा झालेली, एकुलती एक. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा इंदूरचा, सुमीत. त्या वर्षांत नव्या नव्या वस्तू बाजारात येत होत्या, आणि सुमीतकडे रंगीत टीव्ही आणि वॉशिंग मशीनची एजन्सी होती. जिप्सी गाडी होती, दिलीप नावाचा भागीदार होता. मुलगा वाईट नव्हता. हसतमुख होता, खर्चाला सढळ होता. आपल्याला कोणी नाही म्हणेल हे मात्र त्याच्या डोक्यात येत नसे.

दिवाळसणाला तो आला. मला आणि माझ्या बायकोला, प्रतिभाला, जेवायला बोलावलं होतं. भय्यासाहेबांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्कांनी ताटाशेजारी अंगठीची डबी ठेवली. सुमीतने ती बोटाने बाजूला सारली आणि ताटावर हात आडवा धरला.

"मी नाही जेवत. रुसलो."

"अरे वा," भय्यासाहेब खूश झाले. "मागा, जावईबापू. स्कूटर मागा."

"स्कूटर माझ्या ड्रायव्हरकडे आहे, बाबा."

सगळे हसले. भय्यासाहेबही हसले.

"लग्न ठरल्यापासून मुक्ता तुमच्या शिकारीच ऐकवतेय. मला नुसत्या ऐकायच्या नाहीत. मला शिकारीला न्या. अन् पहिला बार माझा, तुमच्याच घरची रीत आहे."

"आता बंदी आहे हो."

"दिलीप दर महिन्याला जातो फार्महाउसवरून. कोण बघतं?"

"दुसरं काही मागा."

"मग जेवण परत घ्या, अक्का."

तो गमतीतच बोलत होता, असं मला अजूनही वाटतं. पण ताटातल्या पुरणपोळीवरचं तूप थिजायला लागलं, अक्का नवऱ्याकडे बघायला लागल्या. मुक्ता म्हणाली, "बाबा, एकदा जाऊन येऊ ना, पिकनिक होईल." भय्यासाहेबांनी स्वतःच्या हाताने जावयाच्या पोळीवर परत गरम तूप वाढलं आणि म्हणाले, "बरं. नेतो."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यांनी मला सांगितलं, "काळजी करू नका. जिथे काही येतच नाही अशा नाल्यावर बसवतो. फार तर एखादा मोर. मान राहील अन् जनावर पण राहील. तुम्ही दोघं पण चला, घरातलेच आहात."

म्हणून आम्ही गेलो. डिसेंबरातला दिवस होता. जंगलाच्या कडेला एक जुना डाक बंगला होता, कोणी फारसं येत नसे तिथे. जवळच्या गावातला नानूराम भेटायला आला. तो आणि भय्यासाहेब तरुणपणी बरोबर हाका काढलेले. दोघं एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. उन्हं कलल्यावर भय्यासाहेब, सुमीत, दिलीप आणि नानूराम घरची दुनळी घेऊन नाल्याकडे गेले. मी बायकांबरोबर व्हरांड्यात लसूण सोलत बसलो. मला कोणी चला म्हटलं नाही, आणि मलाही जायचं नव्हतं. अक्का बाफल्यांची, म्हणजे माळव्यातल्या बाट्यांची, कणीक मळत होत्या.

सूर्य टेकायच्या आधी बार ऐकू आला. त्याला लागूनच दुसरा.

अक्कांचे हात थांबले. "दोन काढले," त्या म्हणाल्या. "एकाला एक लागून. लागलं नाही नीट."

"मोर उडाला असेल," मी म्हटलं.

"मोरावर यांनी बार काढू दिला नसता." त्यांनी हाताची कणीक खरवडून काढली आणि ओळीने सांगून टाकलं, जणू रोजचंच होतं. "भावजी, ते वकिलाच्या टोपीची गोष्ट सांगतात ना? अर्धीच सांगतात. तो वाघ जायबंदी होऊन गेला. पहिला बार जावयाचा, पण जखमी जनावर सुटलं तर त्याच्या मागावर घरच्या माणसाने जायचं. तसं सोडून द्यायचं नाही, गावातल्या लोकांना खातं ते. सकाळी अण्णासाहेब गेले. जावई इथेच बसले होते, तुम्ही बसलात तिथे. दुपारी अण्णासाहेबांना खाटेवर घालून आणलं. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं."

मुक्ता आईकडे बघतच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दिलीप पळत आला. "भाभी, सामान उठाओ. अभी के अभी."

मागून सुमीत. तो फार हसत होता. "तेंदुआ! असला मोठा बिबट्या. धडाधड दिले दोन, अन् गायब. लागलंच नाही बहुतेक."

भय्यासाहेब सगळ्यात शेवटी आले. त्यांच्या हातात पळसाचं पान होतं, पानावर रक्त. ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही, पण लपवलंही नाही.

"मागच्या पायाला आहे," ते म्हणाले. "जबड्यालाही असेल, हाडाचा चुरा पडलाय. घाणेरीच्या जाळीत शिरलाय. आता आत जाता येणार नाही. जावईबापू, तुम्ही सगळे जा. मी नानूरामकडे थांबतो, सकाळी नाल्यात उतरतो. बंदूक तेवढी ठेवून जा."

"बाबा, दोन बार अख्ख्या जंगलाने ऐकलेत. सकाळी फॉरेस्टवाले येतील ते पहिले तुम्हाला धरतील. मग गाडी कोणाची, बार कोणाचा. मी आत जाईन. हिचं काय?" त्याने मुक्ताकडे बोट दाखवलं.

"जखमी आहे तो."

"मरेल ना मग आपोआप."

नानूराम पायरीखाली उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला सगळं समजत होतं. भय्यासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग मुक्ताकडे. अक्का म्हणाल्या, "अहो, चला." ते गाडीत बसले. कणकेची परात आम्ही तशीच उचलली.

उज्जैनला आम्हाला उतरवून सुमीत मुक्ताला घेऊन इंदूरला गेला. बंदूकही घेऊन गेला. "काही दिवस माझ्याकडे राहू द्या, बाबा. इथे कोणी विचारायला आलं तर?" भय्यासाहेब दारात उभे राहून गाडी जाताना बघत होते.

त्या आठवड्यात ते मला नाल्यावर काय झालं ते सांगू लागले. गोष्टीसारखं नाही, तुकड्यातुकड्यांनी.

"मी नळीपर्यंत हात नेला होता, गोपाळराव. नुसती वर ढकलायची होती."

"मग?"

"जावई ना. त्याच्या हाताला धक्का कसा देणार?"

मग ते म्हणाले, "इतक्या लांबून छर्ऱ्याचा बार. मी आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, काही येणारच नाही."

रोज संध्याकाळी ते टावर चौकातल्या एसटीडी बूथवर जात. मी बरोबर असे. काचेच्या दाराबाहेर मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि तो कधी चढला नाही.

"जावईबापू, बरे आहात ना? हां. ती बंदूक तेवढी ड्रायव्हरबरोबर पाठवून द्या... हो, हो, तुमचं बरोबर आहे. पण मी एकटाच जाईन, तुमचं नाव कुठे येत नाही... उद्या? चालेल. उद्या पाठवा."

दुसऱ्या दिवशी परत तेच. एकदा मुक्ताने फोन घेतला असावा, कारण ते बराच वेळ नुसते ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "रडत होती. जाऊ नका म्हणते."

"मग?"

"मग काय. उद्या परत करतो फोन."

दुसऱ्याची बंदूक मागायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर जावयाचं नाव येणार.

एक दिवस नानूराम आला. फाटकातून आत येऊन ओट्याच्या खाली बसला. भय्यासाहेबांनी वर बस म्हटलं तरी बसला नाही. अक्कांनी चहा दिला. बिबट्या अजून जिवंत आहे, हे सांगायला तो आला होता.

"ऊ मर्‍यो नी हे, भय्यासाब. लँगड़ो चाले हे. दो बकरी मारी, पण खई नी सके, जबड़ो टूटेलो हे. अब घर का पिछवाड़े तक आवे हे."

"आता हूँ, नानूराम. बंदूक आते ही आता हूँ."

"बंदूक काँ गई?"

नानूरामने कप धुऊन ओट्यावर पालथा ठेवला. "अण्णासाब होता तो दूजे दन आता," अण्णासाहेब असते तर दुसऱ्याच दिवशी आले असते, एवढं बोलून तो गेला.

त्या दुपारी आम्ही दोघं जंगल खात्याच्या कचेरीत गेलो. तिथला अधिकारी तरुण होता. नीट बोलला, खुर्ची दिली.

"बागली की तरफ एक तेंदुआ घायल है," भय्यासाहेब म्हणाले. "उसको देखना चाहिए."

"आपने देखा?"

"नाही... नहीं. सुना है."

"किससे? किस नाले में? जख्म कैसा है, गोली का या फंदे का? कुछ तो बताइए दादा, ऐसी खबरें रोज आती हैं."

अधिकारी पेन हातात धरून वाट बघत होता. शेवटी भय्यासाहेब उठले. "पता करके बताता हूँ." बाहेर पडल्यावर ते चालत राहिले ते थेट राम घाटापर्यंत. तिथे पायऱ्यांवर बसले. कोणाचे तरी दहाव्याचे विधी चालले होते. ते तिकडे बघत होते. मी म्हटलं, "घरी जाऊ या, अक्का वाट बघतील." ते म्हणाले, "हो." पण उठले नाहीत लवकर.

मग बातमी आली. बागलीच्या बसच्या कंडक्टरबरोबर नानूरामने निरोप पाठवला होता. त्याची सून केसर गवत कापायला गेली होती, दिवसाढवळ्या, घरापासून हाकेच्या अंतरावर. बिबट्याने तिला मानेला धरलं. जबडा मोडलेला, म्हणून ती लगेच मेली नाही. दवाखान्यात नेताना बैलगाडीत गेली. पदरी लहान मुलगी होती.

भय्यासाहेबांनी निरोप ऐकला. आत गेले, आंघोळ केली, मुक्ताच्या लग्नात शिवलेला कोट घातला. अक्कांनी विचारलं नाही कुठे चाललात. मी चपला घालून त्यांच्या मागे निघालो.

त्याच अधिकाऱ्यासमोर ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"तेंदुए पर गोली मैंने चलाई थी. बंदूक मेरी, लाइसेंस मेरा. मैं अकेला था. नाला मैं दिखाता हूँ, अभी चलिए."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. "और ये?"

"ये पड़ोसी हैं. मला सोडायला आलेत," ते म्हणाले, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत.

बंदूक कुठे आहे असं विचारल्यावर त्यांनी घरी आहे म्हणून सांगितलं. मी बूथवर जाऊन इंदूरला फोन केला. इतके दिवस न आलेली बंदूक त्या दिवशी जेवणवेळेच्या आत ड्रायव्हर घेऊन आला. पुसून, तेल लावून, नव्या गवसणीत.

बिबट्या त्यांना जिवंत सापडला नाही. भय्यासाहेबांनी दाखवलेल्या नाल्यातच, घाणेरीच्या मुळाशी मरून पडला होता. उपाशी. भय्यासाहेब मला म्हणाले, "नुसती कातडी अन् हाडं. ती बाई गेली त्याच्या आसपासच मेला असेल तो."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. त्यांना आत ठेवलं, मग जामीन झाला. पेपरात दोन ओळी आल्या. ओट्यावर मुलं येईनाशी झाली. आली असती तरी त्यांनी काही सांगितलं असतं असं वाटत नाही. दरम्यान मिल बंद पडली, त्या गडबडीत लोक हेही विसरले. सुमीतने चांगला वकील पाठवला. भय्यासाहेबांनी वकिलाला चहा पाजला आणि परत पाठवलं. सुमीत स्वतः नंतर उज्जैनला आला नाही. मुक्ता यायची, एकटी, बापाच्या शेजारी ओट्यावर बसायची. एकदा तिने माझ्यासमोरच विचारलं, "बाबा, तुम्ही त्याचं नाव का नाही सांगत? मला चालेल."

"नाव कशाला? घरातून झालं ते," ते म्हणाले. "आपण नेलं त्याला."

मुक्ता आत निघून गेली. हे त्यांनी मुलीसाठी केलं की त्या रीतीसाठी, मला सांगता येत नाही. मी विचारलंही नाही कधी.

खटला तिकडच्या तहसिलीच्या कोर्टात चालला, वर्षानुवर्षं. नुसत्या तारखा पडत होत्या. प्रत्येक तारखेला ते देवास गेटच्या स्टँडवरून सकाळची बस धरत आणि संध्याकाळी परत येत. नानूराम साक्षीदार होता, त्यालाही यावं लागे. त्याने साक्षीत भय्यासाहेबांचंच नाव सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून की स्वतःच्या मनाने, ते मला माहीत नाही. दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर दोन टोकांना बसत. मी एकदा बरोबर गेलो होतो तेव्हा पाहिलं. भय्यासाहेबांनी केसरच्या मुलीसाठी फ्रॉक आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी नेली होती. ती त्यांनी बाकाच्या मधे ठेवली. पुकारा झाला, दोघं आत जाऊन आले. नानूराम जायला निघाला तेव्हा पुडी तिथेच होती. भय्यासाहेबांनी ती उचलून पिशवीत ठेवली. पुढच्या तारखेला परत नेली, असं अक्का सांगत होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधली तारीख. परतीच्या बसमध्ये देवासला लोक उतरले, चढले, तेव्हा ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. कंडक्टरला वाटलं झोपलेत. उज्जैन आल्यावर हलवलं तेव्हा कळलं. निकाल लागायचा होता, तो राहून गेला. सुमीत अंत्यविधीला आला, खांदा दिला, रडला. नानूराम आला नाही. त्याला कोणी कळवलं होतं की नाही, हेही मला ठाऊक नाही.

त्या दिवशी सकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो होतो. बस लागलेली होती. ते चढले, खिडकीतून वाकून माझ्याशी बोलले.

"गोपाळराव, आज नळाचा दिवस आहे. संध्याकाळी पाणी आलं तर आमची टाकी भरून घ्या. अक्काला वाकवत नाही आता."

"भरतो."

"अन् बंद करायची आठवण ठेवा. मागच्या वेळी पार रस्त्यापर्यंत गेलं होतं पाणी."

"ठेवतो," मी म्हणालो. "तुम्ही उन्हाच्या बाजूला बसलात."

"बसू दे," ते म्हणाले. "जाताना इकडून येतं, येताना तिकडून येईल."